चारशे सतरा नंबरची रायफल

व्हर्ना कालिओ शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झाली आणि पुढच्याच सोमवारी गॉर्डीच्या हार्डवेअरच्या दुकानात, बंदुकांच्या काउंटरमागे जाऊन उभी राहिली. बंदुकांची हौस तिला कधीच नव्हती. हौस होती ती फॉर्मची. रिकामी चौकट दिसली की तिचा हात शिवशिवायचा. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाच्या गावात तांब्याच्या खाणी बंद होऊन जमाना झाला होता, पण माणसं होती, हरणं होती, म्हणून बंदुका होत्या आणि बंदुका म्हणजे कागद आलेच. मालक गॉर्डीला कागद दिसले की शिंका यायच्या. "खोकल्याची गोळी घ्यावी तशी मी व्हर्नाला कामावर घेतली," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

ऑगस्टमध्ये एका सकाळी सुलो लाम्पिनेन दुकानात आला. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कुरकुरणारे, काखेत लोकरी ब्लँकेटात गुंडाळलेल्या दोन रायफली. व्हर्नाच्या वडिलांबरोबर तो खाणीत होता आणि शिकारीच्या कॅम्पातही, त्यामुळे सहासष्टाव्या वर्षीसुद्धा त्याच्यासाठी ती पोरच होती.

"पोरी, या दोघींना फिनलंडला पाठवायचंय."

"कोणाकडे, सुलोकाका?"

"हेन्नाकडे. माझी बहीण लग्न करून तिकडे गेली, तिची नात. ऑक्टोबरात पहिल्यांदा मूस हरणाच्या शिकारीला निघालीय आणि म्हणे कोणाची तरी उसनी रायफल घेऊन जाणार! लाम्पिनेनांच्या घरातली पोर, आणि उसनी!"

"मग वेळ कमी आहे."

"वेळ कशाला लागतो? नळी वेगळी करायची, दस्ता वेगळा करायचा, दोन खोकी, टपाल. संपलं."

"संपलं म्हणजे तुम्ही तुरुंगात."

"अगं, भेट आहे! विकतोय थोडीच?"

"भेट असली तरी बंदूकच आहे ना. लाल फीत बांधली म्हणून ती मोजे होत नाही."

मागून गॉर्डी खिदळला. सुलोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने खिळे मोजायला लागला.

व्हर्नाने सगळं समजावून सांगितलं. आधी तिकडच्या पोलिसांनी हेन्नाच्या नावाने परवानगी द्यायची. मग इथून निर्यातीचा परवाना वॉशिंग्टनहून मागवायचा. मग माल पाठवणाऱ्या कंपनीने कस्टमला सगळं कळवायचं. तिन्ही ठिकाणी तेच नाव, तोच पत्ता, तोच नंबर. एक आकडा जरी इकडचा तिकडे झाला तरी माल अडकणार.

"आणि सप्टेंबर संपताना मी त्या वृद्धाश्रमात," सुलो म्हणाला. "तिथे साधा चाकूसुद्धा धारेचा देत नाहीत. फिनिक्सहून पोरगा रोज फोन करतो, विकून टाका, विकून टाका. त्याने आयुष्यात सशावर खडा नाही मारला, पण विकायची अक्कल आहे."

व्हर्नाने रायफली रिकाम्या आहेत ना ते तपासलं आणि चष्मा लावला. नव्या रायफलीच्या नळीवर लांबलचक सात आकडे होते. जुनी रायफल सुलोने तरुणपणी कॅटलॉगमधून टपालाने मागवली होती. तिच्या दस्त्याजवळच्या लोखंडात तीनच आकडे ठोकलेले होते. चारशे सतरा. व्हर्नाने ते चौकटीत लिहिले आणि पुढच्या चौकटीकडे वळली.

तिकडे हेन्नाने आपल्या पोलिसांकडे धाव घेतली. इकडे व्हर्नाने अर्ज टाइप केला, पाठवला, रोज सकाळी कॉफीच्या आधी कॉम्प्युटर उघडून पाहिला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडचे परवाने हातात आले. गॉर्डीने टेबलावर थाप मारली. कंपनीची गाडी गुरुवारी यायची ठरली.

बुधवारी सुलो निरोप घ्यायला आला. खोकी अजून बंद व्हायची होती. त्याने जुन्या रायफलीवरून अंगठा फिरवला आणि त्या तीन आकड्यांवर थांबला.

"चारशे सतरा. तुझ्या बापाचा चारशे अठरा. खाणीच्या खिडकीशी एकामागे एक उभे होतो, म्हणून बिल्ले पण ओळीने मिळाले."

व्हर्नाच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली.

"बिल्ले?"

"पितळी बिल्ले गं. खाणीत उतरताना घ्यायचा, वर आलं की टांगायचा. टांगलेला नसला की माणूस खालीच आहे असं समजायचं. कॅम्पात वीसजणांच्या रायफली एका भिंतीला, अंधारात कोण कुणाची उचलणार! म्हणून सगळ्यांनी आपापल्या बिल्ल्याचा नंबर ठोकून घेतला. लोहाराने फुकट केलं."

"मग कारखान्याचा नंबर कुठाय?"

"असल्या स्वस्त रायफलींना तेव्हा नंबर नसायचाच. सक्तीच नव्हती."

व्हर्ना स्टुलावर बसली. तिच्या माहेरी स्वयंपाकघराच्या दारावर वडिलांची रायफल होती, तिच्यावर चारशे अठरा. शेजाऱ्यांच्या रायफलीवर दोनशे नव्वद. लहानपणापासून तिने पाहिलेल्या बंदुकांना तीनच आकडे असायचे. दुसऱ्या गावची बाई असती तर तिने विचारलं असतं, हे काय? व्हर्नाने विचारलं नाही.

"मी चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली. "दोन्ही देशांत."

"चुकीचं कसं?" गॉर्डी पुढे आला. "कागदावर चारशे सतरा, लोखंडावर चारशे सतरा. जुळतंय की! व्हर्ना, तोंड बंद, खोकं बंद."

"तो बंदुकीचा नंबर नाही. काकांचा आहे."

"कस्टमवाल्याला काय कळतंय?"

"एखाद्याला कळेल. जुन्या बंदुकांचा नादिष्ट माणूस कुठेही बसलेला असतो, तू नाही का इथे बसलास? मग पोलीस कुणाला बोलावतील? मला नाही. तुलाही नाही. हेन्नाला. खोट्या नंबरची बंदूक मागवली म्हणून तिचा शिकारीचा परवाना जाईल."

सुलोने काठी आपटली.

"परवा मी घर सोडतोय. परवा! दोन आठवड्यांनी पोरगी रानात जाणार. आणि तुला आत्ता सोवळं सुचतंय?"

"नवी रायफल उद्याच पाठवू, काका. तिचं सगळं नीट आहे."

"नुसती नवी पाठवून काय करू? नवी तिलाही दुकानात मिळेल. माझी ही आहे."

"म्हणूनच ही अडकायला नको."

तो तडकाफडकी निघाला. दारात वळून म्हणाला, "तुझा बाप असता तर खोकं बंद केलं असतं."

"बाबांनी केलं असतं," व्हर्ना म्हणाली. "मी नाही करणार."

गुरुवारी नवी रायफल एकटीच गेली. व्हर्नाने दोन्ही ठिकाणी पत्रं लिहिली: कारखान्याचा नंबर नाही, असलेले आकडे खाणीच्या बिल्ल्याचे आहेत, ओळखण्याची चूक माझी. सोबत फोटो जोडले. जुनी रायफल दुकानाच्या कुलपातल्या कपाटात गेली, तिची नोंद झाली. फिनिक्सहून मुलाचा फोन आला, तेव्हा "आता ती कागदपत्रांत अडकलीय, विकता येणार नाही," असं सांगताना व्हर्नाला जरा बरंच वाटलं.

वृद्धाश्रमात ती तीनदा गेली. दोनदा सुलोने झोपल्याचं सोंग घेतलं. तिसऱ्यांदा दुरुस्तीच्या कागदावर सही हवी होती.

"'या शस्त्रास नंबर नाही,'" त्याने मोठ्याने वाचलं. "बेवारशासारखं वाटतं."

"खाली मालकाचं नाव आहे की."

त्याने सही केली. "स्पेलिंग तपास," म्हणाला. "तुझा काही भरवसा नाही."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुधारलेले परवाने आले आणि रायफल गेली. तिकडच्या पोलिसांनी तिच्यावर आपल्या नोंदीचा नवा नंबर घातला, मगच ती हेन्नाच्या ताब्यात दिली. तोवर हेन्नाच्या शिकारी गटाला मारायची परवानगी असलेले सगळे मूस मारून झाले होते; तिची नवी रायफल वेळेवर पोचली होती, पण तिच्यासमोर एकही आला नाही. ज्या दिवशी जुनी हातात पडली त्याच दिवशी ती गावच्या नेमबाजीच्या मैदानावर गेली आणि तिथूनच तिने फोन लावला.

वृद्धाश्रमात व्हर्नाने फोन सुलोच्या कानाशी धरला. त्याची फिनिश भाषा त्याच्या आईच्या काळातली, त्यामुळे पलीकडे आधी हसूच आलं. मग हेन्ना म्हणाली, "आजोबा, ही डावीकडे मारते."

"डावीकडे?" सुलो खुर्चीत ताठ झाला. "पन्नास वर्षांत कधी डावीकडे गेली नाही ती! तू चाप ओढतेस. ओढायचा नाही, दाबायचा. गाल कुठे ठेवतेस?"

"दस्त्यावर."

"दस्त्यावर कुठे? सांग नीट."

नाश्त्याची गाडी ढकलत बाई आत आली. सुलोने तिला हातानेच थांबवलं.

"आता मार," तो फोनमध्ये म्हणाला. "मी ऐकतोय."