शाबाकीची सख्खी बहीण

"म्हणजे तू कुर्दी बोलतोस?" असं कुणी विचारलं की तो काटा खाली ठेवायचा, तोंड पुसायचा, एक बोट वर करायचा आणि म्हणायचा, "कझिन." शिकागोजवळ, शॉमबर्गच्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न त्याला दिवसातून शंभरदा विचारला जाई. निम्म्या वेळा मीच विचारत असे.

गृहस्थ इराकमधले, मोसुलजवळच्या खेड्यातले. युद्धात गाव सुटलं, तेव्हा आईला घेऊन इथे आला आणि आमच्या डेटाबेसवर बसला. घरची भाषा शाबाकी. तुम्ही नाव ऐकलं नसेल तर लाजू नका, मला ती आधी पक्ष्याची जात वाटली होती.

इंग्रजीतलं कझिन हे फार आळशी नातं, म्हणून मी त्याला मराठी नात्यांची शिकवणी दिली. आमची पोरं रविवारच्या मराठी शाळेत सहा वर्षांत शिकली नाहीत ते हा एका लंचमध्ये शिकला.

"हवरामी सख्खी बहीण," तो बोटांवर मोजू लागला. "कुर्दी चुलत. फारसी मावस."

"आणि अरबी?"

"घरमालक."

"तुर्की?"

"आधीचा घरमालक."

"पण यार, शेवटी सगळ्या एकाच भाषेच्या बोली ना?" मी म्हणालो. शेजारी आमची मडगावची टेस्टर जेवत होती. "कोकणीबद्दलही तू हेच म्हणतोस," ती म्हणाली, आणि टेबलावर असा गारठा पसरला की माझी आमटी गोठली. त्याने आपल्या डब्यातला, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात निम्मा तिला काढून दिला. मला त्यानंतर कधी मिळाला नाही.

हे झालं ऑफिसातलं. घरी त्याची आई होती. तिला शाबाकीशिवाय काही येत नव्हतं आणि त्याच्या माहितीत अख्ख्या इलिनॉयमध्ये ती भाषा बोलणारा दुसरा माणूस म्हणजे हाच. तो ऑफिसात असला की आई गप्प. पुढे पुढे तो घरी असतानाही ती गप्प राहू लागली. "काल म्हणाली, तुझ्याशी काय बोलू, तुला सगळं माहीतच आहे," त्याने मला सांगितलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग आईशी बोलणारं माणूस शोधणं सुरू झालं. आधी एक कुर्दी काकू मिळाल्या. त्यांनी घराला 'माल' म्हटलं, आईने हसून मान हलवली, दोघी चहा प्यायल्या, संपलं. "चुलत," तो म्हणाला. "लग्नकार्यापुरती."

शेवटी वाणसामानाच्या दुकानात कुणीतरी पत्ता दिला: नेपरव्हिलला हवरामी बोलणाऱ्या एक आजी आहेत. बर्फात त्याची गाडी सुरू होईना, म्हणून माय-लेकाला घेऊन मी ड्राइव्ह केलं. आम्ही दोघे सोफ्यावर असे आखडून बसलो की जणू कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. त्या आजी काहीतरी म्हणाल्या. त्याच्या आईने आधी त्यांच्याकडे, मग लेकाकडे पाहिलं. तो माझा गुडघा दाबून बसला होता, अजून वळ असेल.

आजींनी पुन्हा विचारलं. "तुमचं 'याने' कुठे, म्हणतायत," तो माझ्या कानात कुजबुजला. "घर."

"याना," आई म्हणाली.

"याने," आजी म्हणाल्या.

"याना."

मग जे सुरू झालं त्याने खिडक्यांच्या काचा हलल्या, छपरावरचा बर्फ घसरून अंगणात पडला आणि शेजाऱ्याचं कुत्रं पलंगाखाली गेलं असावं. कोण कुणाला काय दुरुस्त करतंय ते देवालाच ठाऊक, पण दोघी एकमेकींना समजत होत्या, नाहीतर इतकं भांडता येत नाही.

"निघूया का?" मी घाबरून विचारलं.

"बस," तो डोळे पुसत म्हणाला. "माझ्या मावशीशी ती अशीच बोलायची."

दोन महिन्यांत तो आईला घेऊन नेपरव्हिलला राहायला गेला. काम घरूनच करतो. आमच्या टेबलावर आता 'कझिन' म्हणायला कुणी नाही. टेस्टर आणि मी समोरासमोर बसून हवामानाविषयी बोलतो.

परवा मी तिकडे गेलो, तर हा त्या आजींच्या घरासमोर गाडीत बसलेला, हीटर फुल लावून.

"आत का नाही?"

"मी मध्ये बोललो की दोघी म्हणतात, तुला कळायचं नाही."

मी शेजारी जाऊन बसलो. माझ्या बाजूची काच चार बोटं खाली होती आणि बर्फ आत येत होता. मी ती वर करायला गेलो.

"राहू दे," तो म्हणाला. "मग ऐकू येत नाही."