शिफारसपत्र आणि भाजीची जाळी

माझी नात हॉलंडला शिकायला गेली. लोक भेटले की म्हणतात, आजी, आता करमत नसेल. मला चांगलं करमतं. ती इथेच होती आणि तिचं जायचं काही ठरत नव्हतं, तेव्हा करमत नव्हतं. त्या दिवसांत ती आणि तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, एकमेकांशी बोलत नव्हते. बापाला मीठ हवं असलं तर तो सुनेला सांगायचा आणि सून लेकीला सांगायची. मीठ लेकीच्या हाताशीच असायचं. असल्या घरात जेवण अंगी लागत नाही. ते दिवस गेले, म्हणून मी निवांत आहे.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे आहे. मेथी, कोथिंबीर, शेपू, थोडी वांगी आणि शेवंती. मी चौथी शिकले, मुलगा बारावीपर्यंत गेला. नात शेतकी कॉलेजात शिकली आणि पिकांवरचे रोग हा विषय तिच्या डोक्यात बसला. शेवंतीच्या पानावर काळा ठिपका दिसला की आम्ही फवारणीचा पंप पाठीला लावतो. ती ते पान तोडून डबीत घालायची आणि कॉलेजात न्यायची. या विषयाचं पुढचं शिक्षण हॉलंडला चांगलं आहे, असं तिने घरात सांगितलं.

मी म्हटलं, "तिथं तर काचेच्या घरात फुलं लावतात म्हणे. त्यांना कसला आलाय रोग?"

"काचेत कोंडलं की जास्तच होतो, आजी."

अर्जाचं सगळं काम लॅपटॉपवर चालायचं. आधी इंग्रजीची परीक्षा. जी पोरगी इंग्रजीतून पदवीपर्यंत शिकली तिला इंग्रजी येतं का, हे बघायला पुन्हा परीक्षा. ती झाली. मग आपल्याला तिथे का यायचं आहे, यावर निबंध. तो तिने इतक्या वेळा पुसला आणि लिहिला की मी वैतागले.

"अगं, शिकायचंय म्हणून लिही आणि मोकळी हो."

"तेच पानभर लिहायचं असतं," ती म्हणाली.

त्यानंतर शिफारसपत्रं. दोन शिक्षकांनी लिहायचं, की ही मुलगी कशी आहे. ही पत्रं मुलीच्या हातात देत नाहीत. तिकडचं विद्यापीठ शिक्षकाला परस्पर कळवतं, शिक्षक परस्पर पत्र पाठवतो. आत काय लिहिलंय ते मुलीला कधीच दिसत नाही. पत्र पोचलं की त्या शिक्षकाच्या नावापुढे हिरवी खूण येते, एवढंच. मला ही पद्धत ओळखीची वाटली. स्थळाची चौकशी आपण अशीच करतो. मुलाला विचारत नाही, त्याच्या शेजाऱ्याला विचारतो.

एका सरांची खूण लगेच आली. दुसऱ्या होत्या मॅडम. नातीने वर्षभर काम केलं ते त्यांच्या हाताखाली, त्यामुळे त्यांचंच पत्र महत्त्वाचं होतं. बाई शिस्तीच्या. शिक्षकदिनाला पोरांनी आणलेला गुलाबसुद्धा त्या घेत नाहीत, टेबलावरच्या ग्लासात ठेवायला लावतात. त्यांनी नातीला सांगितलं होतं, "लिहीन." विषय तिथेच संपायला हवा होता.

पण आमच्यात कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. दवाखान्यात निघालो तरी पिशवीत चार जुड्या असतात. घरी आलेला पाहुणा रिकामा परत जात नाही, मग तो वीजमीटर बघायला आलेला का असेना. घेणाराही आढेवेढे घेत नाही, कारण भाजी आहे, सोनं नाही. माझा मुलगा मार्केटला जातो त्या रस्त्यावरच मॅडमची सोसायटी. त्याने टोमॅटोची एक प्लॅस्टिकची जाळी, म्हणजे क्रेट, घेतली, तिच्यात निवडून मेथी, कोथिंबीर आणि वांगी भरली, वर शेवंतीचा भारा ठेवला. आम्ही सगळ्यांनी बघितलं. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. नात तेव्हा कॉलेजात होती.

जाळी त्याने वॉचमनकडे दिली. दिली तर दिली, वर निरोप ठेवला, "मॅडमला म्हणावं, पोरीच्या पत्राचं तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी नात आली ती चपला न काढताच बापासमोर उभी राहिली.

"पप्पा, तुम्ही मॅडमकडे भाजी दिलीत?"

"दिली. आवडली का?"

"त्या म्हणाल्या, मी भाजी घेऊन शिफारस करत नाही. आता पत्र लिहिणार नाही म्हणाल्या."

"अगं, भाजी हाय ती. त्यात काय एवढं?"

"पत्राचं बघा, असं म्हणालात ना तुम्ही?"

मग तिने बाकीचं सांगितलं. या मुलीकडून आपण काही घेतलेलं नाही, असं मॅडमना पत्रासोबत लिहून द्यावं लागतं. खोटं लिहू का, असं त्यांनी नातीला विचारलं होतं. भाजी त्यांनी मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये पाठवून दिली होती. हे सगळं ऐकून घेतल्यावर माझ्या मुलाच्या तोंडून निघालं, "आन् जाळी? जाळी दिली का परत?"

नात आत गेली आणि तिने दार लावलं. बाप-लेकीचं बोलणं बंद झालं ते तिथून.

दुसऱ्या कुणाचं पत्र चाललं नसतं का, असं मी विचारून बघितलं. तिचं काम दुसऱ्या कुणी पाहिलेलंच नव्हतं, आणि अर्जाची मुदत संपत आली होती. हे वर्ष हुकलं तर पुढच्या वर्षी, असं दुसऱ्या घरात म्हणता येईल. आमच्या घरात चांदवडचं एक स्थळ आधीच दोनदा चहा पिऊन गेलं होतं. कांद्याचं मोठं खटलं, मुलगा दिसायला बरा. नात आणखी वर्षभर घरी राहिली असती, तर ते तिसऱ्यांदा चहाला आले असते आणि तारीख काढूनच उठले असते. हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

मुलगा माफी मागायला जायला निघाला. नातीने आईकडून निरोप दिला, "त्यांना म्हणावं, आता आणखी काही करू नका." ती स्वतःही जाईना. तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी मी म्हटलं, "मी जाते. जाळी आपली आहे, ती लोकांच्या घरी का पडावी? तू मला नुसतं घर दाखव."

तिच्या स्कूटीवर मागे बसून गेले. जन्मात पहिल्यांदा कुणाच्या दारात काही न घेता उभी राहिले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून पदर धरून ठेवला. नात जिन्यातच थांबणार होती, पण दार उघडलं तेव्हा ती माझ्या मागेच होती.

मॅडमनी आत बोलावलं, पाणी दिलं. जाळी गॅलरीत होती, धुऊन पालथी घातलेली.

"आजी, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "पण मला हे असलं चालत नाही."

"राग कशाला? बरोबर केलं तुम्ही. भाजी द्यायची आमची रीत हाय. पण द्यायची तर काही न बोलता द्यावी. सोबत काम सांगितलं की तिला वास येतो."

"मग आता काय सांगायला आलात?"

"काही नाही. जाळी न्यायला आले."

त्या जरा हसल्या. "आणि पत्र?"

"पत्रातलं मला काय कळतं? ते तुमचं आणि हिचं. मी त्यात पडले तर तुमच्या दारात दुसरी जाळी ठेवल्यासारखंच झालं."

मॅडम नातीकडे बघायला लागल्या. ती खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात ती बोलली.

"मॅडम, पप्पांचं चुकलं. पण पत्र माझ्याबद्दल आहे. मी काम केलं ते तुम्ही बघितलंय, पप्पांनी नाही. वाईट केलं असेल तर वाईट लिहा. भाजीचंही लिहा हवं तर. पण लिहा."

शेवटचा शब्द ती जरा चढ्या आवाजात बोलली. मी म्हटलं, संपलं, आता बाई आपल्याला बाहेरचा रस्ता दाखवणार.

"वर्षभरात तू माझ्यासमोर एवढं बोलली नाहीस," मॅडम म्हणाल्या. मग उठून त्यांनी जाळी आणून दिली आणि म्हणाल्या, "बघते."

बघते याचा अर्थ आमच्याकडे नाही असाच होतो. दुकानदार उधारीला बघतो म्हणतो, सोयरे पत्रिकेला बघतो म्हणतात. आम्ही दोघी मध्ये जाळी धरून घरी आलो.  वाटेत मी तिची समजूत घातली नाही, कारण काय समजूत घालावी ते मला माहीत नव्हतं. रस्ताभर जाळीची कड गुडघ्याला टोचत होती.

पुढचे दिवस वाईट गेले. नात मोबाइल उघडायची, बघायची, पालथा ठेवायची. मुलगा गोठ्यात मला गाठून हळूच विचारायचा, "खूण आली का गं आई?" त्याने भाजी वाटणंच बंद केलं. चुलतभावाच्या वास्तुशांतीला हात हलवत गेला, तर लोकांनी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, याची तब्येत बरी आहे ना?

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही बायका शेडखाली मेथीच्या जुड्या बांधत होतो. नातीने ओले हात ओढणीला पुसले, मोबाइल बघितला आणि म्हणाली, "आली." मग मोबाइल ठेवून पुन्हा जुडी बांधायला लागली. सुनेने तिथल्या तिथे हात जोडले. माझ्या छातीवरचा दगड उतरला, पण मी तोंडाने एवढंच म्हटलं, "नीट बांध, सुटतेय ती."

मॅडमनी काय लिहिलं ते आम्हाला आजही माहीत नाही. भाजीचं लिहिलं असेल तरी माझी हरकत नाही.

खूण आली म्हणजे प्रवेश मिळाला असं नव्हे. त्याची वाट आणखी बघायची होती, आणि तोवर नातीने बापाशी बोलायचं काही नाव काढलं नाही. मी एकदा म्हटलं, "पुरे झालं आता." ती म्हणाली, "मला सुरुवात कशी करायची तेच कळत नाही." ते मला पटलं. गप्प राहायची सवय झाली की तोंड उघडायला निमित्त लागतं.

निमित्त एका दुपारी आलं. मुलगा कोथिंबीर घेऊन मार्केटला गेला होता. लॅपटॉपवर तिकडचा निरोप आला. नातीने तो वाचला, पुन्हा वाचला, आणि आम्हाला सांगायच्या आधी बापाला फोन लावला. फोनमधून लिलावाचा सगळा गलका आमच्या ओट्यावर ऐकू येत होता.

"पप्पा, ऐका."

"लिलाव चालू हाय, आपल्या मालाचाच नंबर हाय. आईकडं सांगून ठेव."

"आईकडे नाही. तुम्हालाच सांगायचंय. माझं झालं. हॉलंडचं झालं."

 मागे व्यापारी ओरडत होता, "अय दादा, द्यायची का नाय? बोल पटकन!" मग माझा मुलगा म्हणाला, "द्या, द्या, देऊन टाका." तो आवाज त्याचा आहे हे मला ओळखायला वेळ लागला.

तो घरी आला तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं, "कोथिंबीर काय भावाने गेली?"

"नाय बघितलं."

हा माणूस ताप असला तरी आधी भाव विचारतो. मी त्याला चांगलं झापलं. व्यापाऱ्याने दिलेली हिशोबाची पट्टी तरी वाचायची होतीस, डोळे कुठे ठेवून आलास, असं बरंच बोलले. त्याचं लक्षच नव्हतं. तो ओट्यावर नातीशेजारी बसला होता. ती लॅपटॉपवरची एकेक ओळ इंग्रजीत वाचत होती, मग त्याला मराठीत सांगत होती, आणि त्याला नीट ऐकू आलेली ओळसुद्धा तो पुन्हा वाचायला लावत होता. मी भाकरी टाकल्या, हाक मारली, दोनदा मारली. दोघं उठेनात. भाकरी गार झाल्या. मी काही त्या पुन्हा गरम केल्या नाहीत, आणि दोघांनी तशाच खाल्ल्या.