रत्नाबाईंनी सुलतानला फितवलं

कळंब्यातल्या रत्नाबाई मगदूम यांनी तीस वर्षं पिठाची गिरणी एकटीनं चालवली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. गिरणी बंद करून माहेरी जा, असं दीर म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी रत्नाबाईंनी पदर खोचून मशीनचा पट्टा स्वतःच्या हातानं चढवला. कुठला डबा कुणाच्या घरचा, हे त्यांना झाकण न उघडता कळायचं. आणि कोण कधी काय बोललं, तेही तसंच ध्यानात राहायचं. एका बाईनं एकदा गिऱ्हाइकांसमोर "तुमच्याकडं पीठ बदलतंय" असं म्हटलं होतं. तिचं दळण रत्नाबाईंनी पुढं अकरा वर्षं घेतलं नाही. तिच्या सुनेनं आणलं तरी नाही.

गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी गिरणी भाच्याच्या, अनेकांतच्या हाती दिली. आता घरात त्या आणि कोंडा, असे दोघंच; अनेकांत बायकोसह शेजारच्या घरात. कोंडा म्हणजे गिरणीमागच्या कोंड्याच्या पोत्यात सापडलेलं पिल्लू. रंगही कोंड्याचाच, उंची रत्नाबाईंच्या गुडघ्याखाली. रोज सकाळी साडेसहाला दोघं तलावाच्या बांधापर्यंत जाऊन यायची. रत्नाबाई लंगडत, कोंडा शेपटी हलवत.

वाटेत हंबीररावांचा नवा बंगला होता. हंबीरराव जमिनीच्या व्यवहारातला माणूस. अंगावर पांढरं कडक इस्त्रीचं, आवाज मोठा. त्यांच्याकडं सुलतान नावाचं काळं, रुंद छातीचं रॉटवायलर कुत्रं होतं. सकाळी हंबीरराव मुद्दाम फाटक उघडं ठेवून पोर्चमध्ये चहा घेत बसायचे. सुलतान रस्त्यावर धावून यायचा, फिरायला आलेली माणसं घाबरून पळायची आणि हंबीरराव आतून म्हणायचे, "चावत न्हाय ओ पावणं, खेळतंय ते." लोकांनी हळूहळू वाट बदलली. रत्नाबाईंनी बदलली नाही. रस्ता सगळ्यांचा होता.

जानेवारीतल्या एका सकाळी सुलतान भुंकलाच नाही. सरळ आला आणि त्यानं कोंडाची मागची तंगडी तोंडात धरली. रत्नाबाईंच्या हातातली साखळी हिसकली गेली, त्या गुडघ्यावर पडल्या. पडल्या पडल्या त्यांनी सुलतानच्या जबड्यात हात घातला. तीस वर्षं पोती उचललेला हात होता तो, तरी जबडा उघडेना. त्यांच्या मनगटातून रक्त यायला लागलं. कोंडा ओरडायचा थांबला होता, ते जास्त भयंकर होतं.

त्या अवस्थेत त्यांनी मान वर करून पोर्चकडं पाहिलं. हंबीरराव बघत होते. हातात कपबशी होती. ते उठले नाहीत. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्यायले आणि मग हाक मारली, "सुलतान, बास. सोड त्येला." सुलताननं लगेच सोडलं.

"आक्का, असलं उंदराएवढं कुत्रं घेऊन कशाला फिरता," हंबीरराव म्हणाले. "त्याला वाटलं आसंल खायालाच आणलंय."

एका हाकेत सुटलं असतं. हे रत्नाबाईंच्या डोक्यात तिथंच, रस्त्यावर बसल्या बसल्या कोरलं गेलं.

कोंडाचा पाय मांडीपासून काढावा लागला, सकाळचं फिरणं थांबलं. रत्नाबाईंच्या मनगटाला टाके पडले, इंजेक्शनं झाली. अनेकांत तावातावानं म्हणाला, "आत्ती, आपण पोलिसांत तक्रार देऊया."

"दे की. मग? कोर्टात उभा राहून त्यो म्हणणार, चुकलं साहेब. झालं. बाहेर येऊन परत हसणार." रत्नाबाई पट्टी बांधलेल्या हाताकडं बघत म्हणाल्या. "त्याला हसायलाच येऊ ने, असं काय तरी पायजे."

पहिल्यांदा त्यांच्या मनात विषच आलं. गिरणीत उंदरांचा त्रास कायमचा. पण जैनाच्या गिरणीत औषध घालायचं नाही म्हणून त्यांनी तीस वर्षं पिंजरे लावले होते. आता त्या दुकानातून पुडी घेऊन आल्या. स्वयंपाकघरात कणकेचे चार गोळे केले, पुडी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसल्या. मग पुडी गटारात ओतली. धर्म आठवला असं सांगता आलं असतं, पण रत्नाबाई स्वतःशी खोटं बोलत नसत. कुत्रं मेलं तर हंबीरराव दुसरं आणतील, आणि वर आठवडाभर गाव त्यांच्याच दारात हळहळायला जाईल, हा त्यांचा हिशोब होता. मारायचं नव्हतं. काढून घ्यायचं होतं.

हंबीररावांच्या घरी भांडी-धुण्याला बयाबाई जायच्या. त्यांचं दळण गिरणीतच असायचं. एकदा डबा घ्यायला आल्यावर रत्नाबाईंनी त्यांना घरात बोलावून चहा दिला आणि सुलतानचं विचारलं.

"काय सांगायचं आक्का," बयाबाई म्हणाल्या. "दिवसभर मागच्या लिंबाला बांधल्यालं असतंय. सांजच्यापातूर अन्न न्हाय. उपाशी ठेवलं की तिखट हुतंय म्हणत्यात. परवा भुंकलं न्हाय म्हणून पायपानं बडवलं. माझंबी लुगडं फाडलंय त्यानं, तर मालक हसत बसलं."

"दुपारी कोण असतंय?"

"कोन न्हाय. मालक जेवून झोपत्यात."

"मागचं दार?"

बयाबाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "कडी नुसती लावल्याली असती. मी काय बघितल्यालं न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला रत्नाबाई ज्वारीच्या दोन भाकरी तूप लावून, दुधात कुस्करून मागच्या दारानं आत गेल्या. लिंबाभोवती साखळी पुरेल तेवढ्या गोलात गवत उगवलेलं नव्हतं. त्या गोलाच्या बाहेर त्या उभ्या राहिल्या. सुलतान असा अंगावर आला, की साखळीनं त्याची मान मागं ओढली गेली. समोर तोच जबडा होता. त्यांनी काठीनं भांडं आत सरकवलं आणि निघून आल्या.

आठ दिवस तो भुंकून मग खायचा. नंतर खाऊन मग भुंकायला लागला. तिसऱ्या आठवड्यात भुंकलाच नाही. मग रत्नाबाई भांडं हातात धरून ठेवू लागल्या. "खाली बस," असं म्हणायच्या. तो बसेपर्यंत द्यायच्या नाहीत. मार्च संपताना त्या गवत नसलेल्या गोलाच्या आत जाऊन दगडावर बसत होत्या आणि सुलतान त्यांच्या पायाशी बसून खात होता.

एकदा त्याच्या पट्ट्याखाली बोट गेलं तेव्हा त्यांना ओलं लागलं. गळ्याभोवती कातडी सोलून निघाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोबरेल तेलात हळद कालवून नेली आणि लावली. सुलताननं डोळे मिटून मान त्यांच्या मांडीवर टाकली. रत्नाबाईंनी हात झटकन काढून घेतला. हे दयेनं चाललेलं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. घरी येऊन कोंडाला जवळ घेतलं, तर तो त्यांच्या लुगड्याला नाक लावून कॉटखाली जाऊन बसला. त्या दिवसापासून त्या बंगल्याकडचं लुगडं वेगळं ठेवायला लागल्या.

मे महिन्यात हंबीररावांचा वाढदिवस आला. चौकात फ्लेक्स लागला. गॉगल लावलेले हंबीरराव, शेजारी जीभ काढलेला सुलतान आणि खाली शुभेच्छुकांचे पन्नास फोटो. संध्याकाळी बंगल्यासमोर रस्त्यावरच मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, मटणाचा वास सगळ्या गल्लीत सुटला. रत्नाबाईंनी इस्त्रीचं लुगडं नेसलं, कोंडाला कडेवर घेतलं आणि साडेपाचला घरातून निघाल्या. अनेकांत म्हणाला, "आत्ती, आज नको तिकडनं."

"आजच," त्या म्हणाल्या.

मांडवाजवळ आल्यावर त्यांनी चाल आणखी सावकाश केली. हंबीररावांनी त्यांना पाहिलं. भोवती मित्र होते, हारांनी गळा भरला होता. ते शेजारच्याला म्हणाले, "आता बघा हं, म्हातारी कशी पळती," आणि त्यांनी सुलतानची साखळी सोडली. "सुलतान, छू."

सुलतान सुटला. बायका ओरडल्या, चार-पाच खुर्च्या उलटल्या. कोंडानं रत्नाबाईंच्या खांद्यात नखं रोवली. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"खाली बस," त्या म्हणाल्या.

सुलतान त्यांच्या पायाशी बसला. शेपूट जमिनीवर आपटत वर बघत राहिला.

मागून कुणीतरी हसलं. हंबीररावांचा चेहरा लाल झाला. ते तरातरा आले, पट्ट्याला धरून त्यांनी सुलतानला ओढलं. तो उठेना, तेव्हा हातातली साखळी दुमडून त्याच्या पाठीवर मारली. दुसऱ्यांदा हात वर गेला आणि सुलतान वळला. तो चावला नाही. नुसते दात दाखवून छातीतून गुरगुरत एक-एक पाऊल पुढं यायला लागला. हंबीरराव मागं सरकले, हार पायात आला, पायताण निसटलं आणि ते स्वतःच्याच गाडीच्या बॉनेटवर चढून बसले.

"आरं धरा की कुणी तरी," ते वरून म्हणाले. आवाज फाटला होता.

कुणी धरलं नाही. सगळ्यांचे मोबाईल वर झाले होते. गर्दीतून एक शांत आवाज आला, "चावत न्हाय ओ मालक, खेळतंय ते." मग मात्र सगळा मांडव हसला.

रत्नाबाईंनी हंबीररावांच्या डोळ्यांत बघितलं, हवा तेवढा वेळ बघितलं आणि तलावाकडं चालायला लागल्या.

तो व्हिडिओ रात्रीच्या आत हुपरीपर्यंत पोचला. रत्नाबाईंनी अनेकांतच्या मोबाईलवर तो सात वेळा बघितला, आणि सातही वेळा बॉनेटपाशी थांबवायला लावला. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला. हंबीरराव सकाळी पोर्चमध्ये बसायचे बंद झाले. लोक पुन्हा त्या रस्त्यानं फिरायला लागले आणि जाता जाता फाटकाकडं बघून हसायचे. रत्नाबाईंना जेवण गोड लागायला लागलं.

पंधरा दिवसांनी बयाबाई दळण घेऊन आल्या. "सुलतानला दिलं हाकलून," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी लय मारलं. मेव्हण्याच्या मळ्यात नेऊन बांधलंय, नेसरीला."

रत्नाबाई डब्याचं झाकण लावत होत्या, ते लागेना. चार महिने त्यांनी त्या कुत्र्याला रोज खाऊ घातलं होतं, पण त्याचं पुढं काय होईल हा विचार त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता.

त्यांनी गडहिंग्लजची एसटी धरली, तिथून नेसरीची. मळा विचारत विचारत गेल्या. उसाच्या कडेला बाभळीखाली सुलतान होता, बरगड्या दिसत होत्या, एक डोळा सुजून मिटलेला. त्यांना बघून उठला, न सांगता खाली बसला. मळ्यावर राखणीला असलेले आण्णा म्हणून म्हातारे होते. ते म्हणाले, "न्या की ह्येला, पावणं. मालक काय इचारायचं न्हाईत. मलाच पुरंना, ह्येला कुठनं घालू?"

"माझ्या घरात ह्यानं पाय तोडल्यालं कुत्रं हाय," रत्नाबाई म्हणाल्या. "त्याच्याम्होरं कसं नेऊ?"

त्यांनी आण्णांना ज्वारीचं पीठ पाठवायचं कबूल केलं, आणि पाठवलं. महिन्यातून एकदा स्वतः जायच्या. गळ्याला तेल लावायच्या. आता हात काढून घ्यायच्या नाहीत.

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. बस्तीत देवदर्शन करून आल्यावर रत्नाबाईंनी अनेकांतची आणि त्याच्या बायकोची, भाग्यश्रीची, हात जोडून क्षमा मागितली. शेजाऱ्यांकडं जाऊन आल्या. अकरा वर्षं दळण नाकारलेल्या बाईच्या सुनेकडंही गेल्या. दुपारी हंबीररावच दारात आले. केस पांढरे दिसत होते, आवाज खाली आला होता.

"आक्का, लोकं अजून हसत्यात," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "आज तुमच्यात क्षमा करत्यात म्हणं. मिटवूया की. तुमी नुसतं चार माणसांत म्हणा, काय मनात न्हाय म्हणून."

रत्नाबाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. कोंडा आतल्या खोलीत गेला होता.

"सुलताननं तुमच्या एका हाकंत सोडलं," त्या म्हणाल्या. "एका हाकंत. तुमी चहा पीत हुता."

हंबीरराव मागं वळले आणि गेले.

भाग्यश्री मागून म्हणाली, "आत्ती, आजच्या दिवशी तरी."

"ज्याची मागायची हुती त्याची मागून आलो मी, परवा नेसरीला जाऊन," रत्नाबाई म्हणाल्या. "ह्याची न्हाय."

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि कोंडाला फिरायला न्यायची साखळी खुंटीवरून काढली.