बाकावरची तीन नंबरची जागा

हे मी कुणाला सांगणार नव्हतो. ज्यांना माहीत आहे ती चार-पाच माणसं आपोआप विसरतील, असं धरून बसलो होतो. पण तुम्ही चहा मागवलाय, वर भजी सांगितलीत, आणि मघापासून एकच टोचणी लावलीय, की राजू, तू निपाणीतला बापाचा दवाखाना सोडून शहापुरात काय करतोस? तर ऐका. हसायचं ते बाहेर जाऊन हसा.

माझा बाप निपाणीत दातांचा डॉक्टर. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. पेशंटही आप्पाच म्हणतात, फक्त आमच्यापेक्षा जास्त घाबरून. दवाखाना एका कापडदुकानाच्या माडीवर. आत एक खुर्ची, बाहेर एक लांब बाक. त्या बाकावर पांढऱ्या रंगानं एक ते सहा आकडे रंगवलेले.

आमचा बाजार गुरुवारचा. खेड्यांतली माणसं बाजार करतील, जमलं तर दातही काढून जातील. आप्पा काय करायचे, तर सहा जणांना ओळीनं सुया टोचून बाकावर पाठवायचे. ज्याचा जो आकडा, त्यावरच बूड टेकायचं. पंधरा-वीस मिनिटांत जबडा बधिर झाला की एकेकाला आत घेऊन दात उपटायचे. तोवर कुणी खिडकीतून डोकावायला जरी उठला, तरी आतून आरोळी यायची, "जागा सोडायची न्हाय!"

सत्तर-सत्तर वर्षांचे म्हातारे हो! शेतात बैल ज्यांना वचकतात ते. हाताची घडी घालून, पहिलीतल्या पोरासारखे बसायचे.

माझं डोकं फिरायचं. मी स्वतः दातांचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून आलतो. सरांनी एकच प्लास्टरचा दात पाच वेळा करायला लावला. का, ते एकदाही सांगितलं न्हाय. पाचवा दात त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सरळ एसटी पकडली. आपल्याकडं वडीलधाऱ्यांना 'का' विचारलं की अपमान होतो, आणि न विचारता चुकलं की आपण गाढव. असा हा सगळा कारभार.

त्यात मला वाचनालयात एक जाड पुस्तक सापडलं. धंदा कसा चालवावा, मालकानं कसं वागावं, असलं. अर्ध्याच्या पुढची पानं वाळवीनं खाल्लेली. पण पहिल्या अर्ध्यातच मला माझा बाप पानोपानी दिसला. मालकानं पोलीस होऊ नये. माणसांवर विश्वास टाकावा. त्यांना मोकळीक द्यावी. मी ते पाठ केलं आणि एक दिवस जेवताना आप्पांना ऐकवलं.

"आप्पा, तुम्ही दवाखाना चालवत न्हाय, तुरुंग चालवताय."

आप्पांनी भाकरी मोडली. "मग तू चालव की."

मला वाटलं, टोमणा आहे. पण आप्पा आठ दिवस बेंगळूरला दंतवैद्यांच्या संमेलनाला निघाले होते. दात बघायला अनगोळच्या शैला डॉक्टर येणार होत्या, नुकत्याच पास झालेल्या. बाकी सगळा कारभार माझ्याकडं. शिवाय आप्पांना शहापुरात दुसरा दवाखाना काढायचा होता, जागाही हेरून ठेवली होती.

"हे आठ दिवस नीट काढलेस, तर शहापूरची किल्ली तुझ्या हातात," आप्पा म्हणाले. "न्हायतर मामाच्या वखारीत तंबाखू चाळायला जायचं. आणि ऐक. गुरुवारी शहापूरचे जागेचे मालक येणार हायत. आपलं काम बघून पटलं तरच जागा देणार. जरा माणसासारखं वाग."

मालक दिसतात कसे, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? पण बापाला काही विचारणं म्हणजे शरण जाणं, असं माझं त्या वेळचं तत्त्व होतं.

पहिले तीन दिवस मी राजा. रत्नाआक्काला बोलावून घेतलं. आक्का म्हणजे आमच्या दवाखान्यात वीस वर्षं काम करणारी बाई. आधी वखारीत तंबाखू निवडायची. धुळीनं खोकला धरला म्हणून तिथनं सुटून आप्पांकडं आलेली. मला तिनं कडेवर घेऊन फिरवलंय.

"आक्का, आजपासनं मला काही विचारायचं न्हाय. तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास हाय. तुझं तू ठरव."

"बरं झालं बाई. मग त्या बाकाचं..."

"बाकाचं मी बघतो."

"आरं पर..."

"आक्का, विश्वास ठेव की माझ्यावर जरा."

आता लक्षात येतं, की मोकळीक देण्याच्या नादात मी तिला एक वाक्यसुद्धा पुरं करू दिलं न्हाय. पण तेव्हा वाटलं, वा, काय मालक आहे मी.

गुरुवार उजाडला. बाक भरला. शैला डॉक्टरांनी सहा जणांना सुया दिल्या आणि पाटीवर आक्कानं लिहिलं: एक, वरची उजवी दाढ. दोन, खालचा पुढचा. तीन, खालची डावी दाढ. असं सहापर्यंत. नावं न्हाईत, नुसते आकडे. मी बाहेर आलो. सहाही जण हाताची घडी घालून, गाल लोंबत, भिंतीकडं बघत बसलेले. मला भरूनच आलं.

"मंडळी," मी म्हटलं, "तुम्ही काय मेंढरं न्हाय. पाय मोकळे करा. बाजार बघा, चहा प्या. वीस मिनिटांनी या."

कुणी हलेना. एकजण तोंडाच्या उरलेल्या अर्ध्यातून म्हणाला, "आफ्फा ओरडत्याल."

"आप्पा बेंगळूरला हायत."

एवढं ऐकताच सहाच्या सहा उठले आणि जिन्यावरून असे उतरले, की खालच्या दुकानदारानं वर डोकावून आग लागली का म्हणून विचारलं.

आक्का पाटी छातीशी धरून दारात उभी. तिचा चेहरा पांढरा पडलेला. "राजू, काय केलंस रं हे?"

"मोकळीक दिली."

"मोकळीक दिलीस, ती दे. पर आता कुणाचा कुठला दात, हे सांगणार कोण? त्यातले चौघं पाटील हायत. त्यातले तिघं बाळू. म्हणून तर आप्पांनी आकडे घातलेत. जागा म्हणजेच नाव की रं."

मी तरी म्हटलं, "तोंड उघडलं की दिसंल की किडका दात."

आतून शैला डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "निपाणीत? तंबाखूच्या गावात? अहो, मी सकाळपासून पांढरा दात शोधतेय."

वीस मिनिटं झाली. तिघं आले. दोघे आपल्या आकड्यावर बसले, एकाला आकडा आठवेना. तो चहा पिऊन आलता आणि बधिर ओठ भाजून घेतलता, पण त्याला ते अजून कळलं नव्हतं. ओठावर फोड आलेला आणि हा माणूस हसतोय. ते बघून मी उरलेले मोजायला लागलो. थोड्या वेळानं आणखी दोघं आले. तीन नंबर मात्र गायब.

सुई टोचलेला माणूस बाजारात हिंडतोय आणि तासा-दोन तासांत औषध उतरणार. मग पुन्हा सुई, पुन्हा बोंबाबोंब, आणि त्यातच शहापूरचे मालक येऊन उभे राहणार. मी धूम ठोकली.

आता तुम्हीच सांगा, तीन नंबर ओळखायचा कसा? मला आठवत होतं ते एवढंच: म्हातारा, धोतर, पांढरी टोपी, डावा गाल सुजल्यासारखा, बोलता येत न्हाय. बाजारात शिरलो आणि जागच्या जागी थिजलो.

सगळा बाजारच तसा. म्हातारे, धोतर, पांढरी टोपी, आणि ज्याचा त्याचा गाल तंबाखूच्या बारानं फुगलेला! काही विचारावं तर 'अं' आणि 'हूं' यापलीकडं उत्तर न्हाय. बार भरलेला माणूस पिचकारी टाकायची जागा मिळाल्याशिवाय तोंड उघडत न्हाय, हे निपाणीत पाळण्यातल्या पोरालाही माहीत. मी तिथंच जन्मलो, तिथंच वाढलो. आणि त्या दिवशी नेमकं तेवढंच विसरलो.

मिरचीवालीला विचारलं, "मावशी, गाल सुजलेला म्हातारा गेला का हिकडनं?"

ती म्हणाली, "किती पायजेत?"

तेवढ्यात दिसला. आमच्याच जिन्याच्या तोंडाशी उभा. डावा गाल टम्म. वरच्या दवाखान्याच्या पाटीकडं बघतोय, इकडं तिकडं बघतोय, वाट चुकल्यासारखा. मी जाऊन दंड धरला.

"कुठं होतासा? चला वर."

त्यानं मान हलवली, गालाकडं बोट दाखवलं, मग रस्त्याकडं दाखवलं. "अंऽ, अंऽ."

"व्हय व्हय, बधिर झालंय, कळतंय मला. घाबरायचं न्हाय."

त्यानं हात सोडवायला बघितलं. मी दोन्ही हातांनी धरला. त्यानं वर पाटीकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडं.

"तुमचाच नंबर हाय. चला."

माणूस अंगानं चांगला भक्कम. पण माझ्यात त्या वेळी शहापूरची किल्ली संचारली होती. ढकलत, ओढत चौदा पायऱ्या चढवला, खुर्चीत घातला. आक्का खाली बाजारात तीन नंबर शोधायला गेलेली. शैला डॉक्टर म्हणाल्या, "तीन ना? खालची डावी." आणि खुर्ची मागं झुकवली.

म्हाताऱ्याचे डोळे विस्फारले. घशात 'गुळुक्' असा आवाज झाला.

मग जे झालं ते मी अजून झोपेत बघतो. त्याचा चेहरा आधी लाल, मग पिवळा, मग आपल्या भिंतीच्या चुन्यासारखा झाला. कपाळावर घामाचे थेंब. एक उचकी. मग दुसरी. डोळे वर. शैला डॉक्टरांच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला.

"सुईची रिअॅक्शन," त्या कुजबुजल्या. "राजाभाऊ, मी ह्यांना सुई देऊन किती वेळ झाला?"

मला बोलता येईना. जणू सुई मलाच दिली होती. डोळ्यांपुढं सगळं सरकलं: पोलीस, आप्पांच्या नावाची पाटी उतरवताना माणसं, मामाची वखार. नुसती वखार मिळाली तरी बरं, असं वाटलं.

दाराशी पाचही पेशंट जमा झाले. कुणी रडतंय, कुणी पाणी आणतंय, भाजल्या ओठाचा माणूस अजून हसतोय. आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगतो, आप्पांच्याच आवाजात, आप्पांच्याच सुरात निघालं, "ए! बसा सगळे! जागा सोडायची न्हाय!"

खाली रस्त्यावरून एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "डॉक्टर बेंगळूरस्नं आले वाटतं."

तेवढ्यात आक्का आली. गर्दी सारली, खुर्चीवर वाकली आणि नुसता वास घेतला. वखारीत उमर काढलेलं नाक ते.

"सुईबिई काय न्हाय. ह्यांनी तंबाखू गिळलाय. सरका."

तिनं म्हाताऱ्याला उठवून बसवलं, मान खाली केली, पाठीवर थापट्या दिल्या. म्हाताऱ्यानं भडाभडा ओकून टाकलं. चूळ भरली. लिंबू चोखलं. पाच-दहा मिनिटांनी चेहऱ्याला रंग आला आणि त्यानं पहिल्यांदा नीट तोंड उघडलं.

"तम्मा," तो मला म्हणाला, कानडी माणूस धाकट्याला हाक मारतो तसं, अगदी हळू, "मी थुकायला जागा बघत होतो रं. नव्या माणसाच्या जिन्यात कसं थुकायचं म्हणून. मी शहापूरचा. जागा द्यायच्या आधी काम बघायला आप्पांनी बोलवलंय."

मी मागं मागं सरत दाराबाहेर गेलो. मागं बाक होता म्हणून बरं. बसलो, तर बाजूनं आवाज आला, "सरक की रं. ती माझी जागा. तीन."

गालावर हात धरून खरा तीन नंबर उभा.

"कुठं होतासा तुम्ही?"

"हितंच की, खाली मागच्या मोरीजवळ. आफ्फांना कळलं तर काय म्हंत्याल, म्हणून बाजारात गेलोच न्हाय."

आप्पा परत आले, तोवर मालकांनी त्यांना ट्रंककॉल लावून सगळं सांगून टाकलं होतं. मी उंबऱ्यातच उभा राहिलो, ओरडा खायला. आप्पांनी बॅग ठेवली, पाणी प्याले.

"बाकावर आकडे का घातलेत, मला कधी इचारलंस?"

"न्हाय."

त्यांनी रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मी बी कधी सांगितलं न्हाय. वीस वर्षं नुसता ओरडत बसलो."

त्या दिवशी मला जे दणके बसले, त्यांत हा सगळ्यात मोठा. बापानं चूक कबूल केली तर पोरानं करायचं काय, हे पुस्तकाच्या वाळवीनं खाल्लेल्या भागात असावं.

मालकांनी जागा दिली. एका अटीवर.

शहापूरचा दवाखाना सुरू झाला त्या सकाळी किल्ली आक्काच्या कमरेला होती. तिनं पहिलं काम काय केलं, तर नवा बाक पुसला, त्यावर आकडे घातले, आणि आकडे कशासाठी हे दोन ओळींत लिहून भिंतीला लावलं, मराठीत आणि कानडीत. पेशंट वाचायचे, हसायचे आणि आपणहून आपल्या आकड्यावर बसायचे. दिवसभर एकदाही कुणावर ओरडावं लागलं न्हाय.

म्हणजे, एकदा लागलं. मालक बघायला आले तेव्हा. डावा गाल टम्म. मला बघून दोन पावलं मागं सरले आणि तोंडावर हात धरला. मी स्वागताला उठलो.

आक्का आतून कडाडली, "राजू! तीनवर बस. जागा सोडायची न्हाय."