नानांच्या तोंडासमोरचा पेपर

नानांच्या हरेशचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत लेन्सच पुसत बसलेलो. "दादा, बाबा गेले रे. चहा पितापिता..." तासाभरापूर्वी तर नाना मला हाक मारून वर गेलेले!

नाना म्हणजे माझे घरमालक. घोडबंदर रोडला टॉवर नव्हते तेव्हा मिठागरात राबलेले. पुढे जमिनीला भाव आला, घर उभं राहिलं, तळमजल्यावर त्यांनी माझ्या स्टुडिओला जागा दिली. स्वतःसाठी माझ्याकडे त्यांनी एकच गोष्ट मागितली. "शिरीष, माझा एक मोठा फोटू काढ रं. हॉलान लावाचाय." मी नुकतीच माझ्या जुन्या कॅमेऱ्याला फिल्मच्या जागी बसणारी डिजिटल बॅक घेतलेली. म्हटलं, नानांचा फोटो हिच्यावरच! पण घोडं अडलं लेन्सपाशी. फिल्मवर ज्या लेन्सच्या मी शपथा खायचो त्या हिच्यापुढे उघड्या पडल्या. एकीचे कोपरे मऊ, म्हणजे पुसट, दुसरी प्रत्येक कडेला जांभळी रेघ सोडणारी. मग चांगल्या लेन्सचा शोध सुरू. लेन्सची धार तपासायला चेहरा जिथे येणार तिथेच बारीक अक्षरं हवीत, म्हणून नानांना खुर्चीत बसवून हातात पेपर द्यायचो. "तोंडासमोर धरा, हलू नका." स्क्रीनवर अक्षरं मोठी करून बघायचो आणि नाक मुरडायचो. "नाना, पुढच्या आठवड्यात दुसरी येतेय."

"येऊ दे. मी काय पलून चाललू?" पेपरामागून आवाज यायचा...

दीड वर्ष हे चाललं. घरात कुणी मोबाईल पुढे केला की नाना तोंड फिरवायचे. "माझा फोटू शिरीष काढील." केवढा विश्वास, आणि कुणावर! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणाऱ्या या दीडशहाण्यावर. एकदा 'पेपर खाली घ्या' म्हणून बटण दाबायला काय जात होतं माझं?

दहाव्यासाठी हरेशने फोटो मागितला. मी सगळ्या फाइली उघडल्या. दोनशेच्या वर. प्रत्येकीत पेपर, आणि तो धरलेली नानांची बोटं. चेहरा एकीतही नाही. एकीतही नाही हो... शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ते नाना वाटतच नव्हते. लोक हार घालत होते आणि मी कोपऱ्यात मान खाली घालून उभा होतो.

परवा काकू, हरेशची आई, खाली आल्या. वाटलं, आता त्या मला बोलतील. बोलायलाच हवं होतं.

"ती काच गावली का रं तुला?"

"गावली, काकू." नाना गेल्यावर तिसऱ्या दिवशी कुरिअरने आलेली. भिंतीला पेपर चिकटवून तपासली. पार कोपऱ्यापर्यंत अक्षर न् अक्षर स्वच्छ.

"मंग माझा काढ," म्हणत त्या खुर्चीत बसल्या. "आताच काढ."

जुन्या कॅमेऱ्याच्या या लेन्सना फोकस हातानेच करावा लागतो. माझे डोळे भरलेले, काही म्हणजे काही दिसेना. अंदाजानेच बटण दाबलं. काकू उठून स्क्रीनपाशी आल्या. सगळा चेहरा धूसर.

"वलखू येतंय की," त्या म्हणाल्या. "असा त्यांचा आला असता तरी चालला असता रं."