चार एमसीबीचा बोर्ड

जळक्या वायरीचा वास आला की मी अजून आधी मेन स्विच बंद करतो. भंडारदऱ्याला पर्यटकांसाठी मी एक लाकडी खोली बांधली, तेव्हा गावातला वायरमन म्हणाला होता, "गिझर, शेगडी, पंप, समदं हाय साहेब, आठ एमसीबीचा बोर्ड घ्या." मला वाटलं, तो भिंतीवर ओंगळ दिसेल; मी चारचाच आणला. गिझर आणि शेगडी एकाच एमसीबीवर आली; भार वाढला की वीज तोडणारा तो खटका सारखा पडायचा. पाहुणे कुरकुरले, तसा वायरमन नको नको म्हणत असताना मी त्याला जास्त अँपिअरचा एमसीबी बसवायला लावला. खटका पडायचा थांबला, पण वायर तापत राहिली; आठवड्याभरात ती वितळली आणि धुरातून एक बाई लेकरू कवटाळून बाहेर पळाली. "वायरमननं घाण केली," मी तिच्या नवऱ्याला सांगितलं. वायरमन तिथंच मान खाली घालून उभा होता. परवा दुसऱ्या वायरमननं विचारलं, "आधीचं काम कुनी बिघडवलं हुतं?" मी पुन्हा त्याचंच नाव घेतलं.