वरची दाढ

माझी थोरली बहीण दाढेने गेली. हे सांगितलं की लोक चमकतात, दाढेने कोणी मरतं का म्हणून विचारतात. पुढचं मी सहसा सांगत नाही.

चैत्र होता. आमच्या थोरल्या काकांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं आणि जोतिबाच्या यात्रेला ते डोंगरावर पाल ठोकून बसत. ते निघायच्या सुमाराला अक्काची वरची दाढ ठणकायला लागली. वडील म्हणाले, राजारामपुरीत दातांचे डॉक्टर बसतात, काढून टाकू. काका खोबऱ्याची पोती शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वरची दाढ काढली की डोळं जात्यात. आंधळी पोरगी कुणाच्या गळ्यात बांधणार हाईस?"

आपण डोंगरावरून येईपर्यंत तिला कुठे न्यायचं नाही, हिरडीला मिश्री लावा आणि गरम मिठाने शेका, एवढं बजावून ते गेले. वडील त्यांच्याच दुकानात काम करत. घरात काकांचा शब्द मोडायची रीत नव्हती.

आईने तव्यावर खडेमीठ भाजलं, फडक्यात बांधलं आणि अक्काच्या गालावर धरलं. भाजलेल्या तंबाखूच्या त्या मिश्रीने हिरडी सोलवटून निघाली. शेकलं की घटकाभर तिला बरं वाटे, मग सूज आणखी वर चढे. ताप आला. सगळा आटापिटा डोळ्यांसाठी चालला होता आणि पहिल्यांदा मिटला तो डोळाच. काका गुलालाने माखून डोंगर उतरले तेव्हा ती सरकारी दवाखान्यात होती आणि कोणाला ओळखत नव्हती. ती गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दाढ आधीच का काढली नाही? वडिलांनी काकांकडे पाहिलं.

"देवाची मर्जी," काका म्हणाले.

हे मी विसरले नाही, विसरायचा प्रयत्नही केला नाही. तेव्हा मी कॉलेजात होते. वाचनालयातून दातांच्या दुखण्यांवरचं एक पुस्तक आणलं आणि परीक्षेचा अभ्यास करावा तसं वाचलं. सुजलेल्या गालाला शेक द्यायचा नाही, सूज वाढते. बाहेरून गार पाण्याची पट्टी ठेवायची. कोमट मीठपाण्याने चुळा भरायच्या, डोकं उंचावर ठेवून निजायचं, आणि सुजेबरोबर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. वरची दाढ काढल्याने नजर जात नाही, हेही तिथे एका ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ मी काकांना दाखवली नाही. जपून ठेवली.

काकांना आपल्या नजरेची मोठी मिजास होती. सत्तरी ओलांडली तरी चष्मा नव्हता. रोज सकाळी दारातल्या कट्ट्यावर ते पेपर मोठ्याने वाचत आणि गल्लीतले म्हातारे ऐकत. तोवर मी शाळेत शिकवू लागले होते. लग्न केलं नव्हतं, त्याच घरात राहत होते. एका दुपारी शाळेतून आले, तर काका गाल धरून बसलेले. समोर स्टोव्हवर तवा, तव्यात मीठ. दाढ वरची होती.

मी तवा उतरवला. कोमट मीठपाणी दिलं, गालावर ओली पट्टी धरली, पाठीला उशा लावल्या. इतक्या हळुवारपणे त्यांच्याशी कधी कोणी वागलं नसेल. प्रत्येक गोष्ट आपण का करतो ते मी वर्गात सांगते तशा आवाजात सांगत होते. शेक का द्यायचा नाही, मिश्री का लावायची नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं.

"डोळं जातील, पोरी."

"रिक्षा आलीय, काका."

रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मी तो सोडवून घेतला नाही. त्यांचं भिणं मला अगदी जवळून हवं होतं. डॉक्टरांनी दाढ काढली, पू वाहून गेला, आणि संध्याकाळी काका भाताची पेज प्यायले.

सूज उतरल्यावर एका सकाळी मी पेपर घेऊन कट्ट्यावर गेले. आज दुसरं कोणी वाचा, असं काका म्हणत होते. मी पेपर त्यांच्या मांडीवर उलगडला आणि बाजारभावांच्या बारीक टाइपावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. गुळाचे भाव, शेंगांचे भाव. एक अक्षर चुकलं नाही.

"आरं तिच्या, दाढ गेली पर डोळं जाग्यावर हाईत की तुझं," एक म्हातारा म्हणाला. बाकीचे हसले.

काकांनी पेपरवरून मान वर केली. मग मलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "तिची बी वरचीच हुती न्हवं?"

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तिचा विषय काढला होता.

"वरचीच," मी म्हटलं.

ते पेपरची घडी घालायला लागले. मी घडीवर हात ठेवला. "अजून पान शिल्लक आहे, काका."

त्यानंतर त्यांना वाचन सोडायचं होतं. मी सोडू दिलं नाही. रोज सकाळी शाळेला निघण्याआधी पेपर त्यांच्या हातात देत राहिले आणि पहिला मजकूर वाचून होईपर्यंत समोर उभी राहत असे. ते गेले तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पोटच्या पोरांनी केलं नाही ते पुतणीने केलं.

केलं खरं.